जुनी लष्करी वाहने व तोफा : जतनाचा छंद

लष्कराने मोडीत काढलेली वाहने आणि तोफा मिळवायच्या, दुरुस्त करून मूळ रूपात आणायच्या आणि जमल्यास वाहनामागे तोफ जोडून रस्त्यावर काढायच्या, असा हा छंद आहे. ब्रिटन, अमेरिका, नेदरलँड्स, बेल्जियम आणि फ्रान्स या देशांत तो जास्त रुजला. दुसऱ्या महायुद्धातली वाहने त्याच्या केंद्रस्थानी आहेत.

या छंदातली एक तोफ भारतीयांच्या कानाला चांगली ओळखीची आहे. प्रजासत्ताक दिनी राष्ट्रगीत सुरू असताना एकवीस तोफांची सलामी होते. प्रत्यक्षात तोफा सातच असतात आणि त्या आळीपाळीने धडाडतात. कित्येक दशके ही सलामी देणाऱ्या तोफा १९४० च्या दशकातल्या ब्रिटिश ‘पंचवीस-पौंडी’ होत्या. २६ जानेवारी २०२३ ला त्यांची जागा १०५ मिमीच्या भारतीय बनावटीच्या तोफांनी घेतली. हा छंद समजून घ्यायला पंचवीस-पौंडी आणि तिला ओढणारी ‘क्वाड’ गाडी यांच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

तोफ, लिंबर आणि क्वाड

पंचवीस-पौंडी हे नाव तिच्या गोळ्याच्या वजनावरून पडले. गोळा २५ पौंडांचा, म्हणजे ११.३ किलोचा, नळीचा व्यास ८७.६ मिमी आणि पल्ला १३,४०० यार्ड, म्हणजे सव्वाबारा किलोमीटर. १९४० पासून ती सर्रास वापरात आली. उत्तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश या तिन्ही आघाड्यांवर भारतीय गोलंदाजांनी ती चालवली. १९४७-४८ ची काश्मीरची लढाई आणि १९६५ चे युद्ध यांतही ती होती. तिच्या पोटाखाली एक गोल लोखंडी चकती टांगलेली असते. ठाण्यावर पोचले की चकती जमिनीवर टाकायची आणि तोफ तिच्यावर ओढून घ्यायची. मग एकटा माणूस मागचा दांडा धरून तिचे तोंड चारी दिशांना फिरवू शकतो. मेळाव्यात लहान मुलांना हे करू दिले की रांग लागते.

तोफ सहसा एकटी प्रवास करत नसे. पुढे मॉरिस कंपनीची सी-८ गाडी, मधे दारूगोळ्याचे दोनचाकी लिंबर, मागे तोफ, असा तीन डब्यांचा ताफा असे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळत असल्याने गाडीचे नाव ‘क्वाड’ पडले. साडेतीन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे ७० अश्वशक्ती, चिखलातून तोफ ओढून काढायला विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) आणि भुंग्यासारखी उतरती पाठ, अशी ही गाडी. गोलंदाजांचे पथक तिच्याच पोटात बसे. लिंबरमध्ये ३२ गोळे मावत.

लिंबर मधे घालायची रीत घोड्यांच्या काळातली. तेव्हा तोफेचा दांडा लिंबरवर टेकवत आणि लिंबरला सहा घोडे जुंपत. घोडे गेले, मोटार आली, तरी मधली गाडी तिथेच राहिली. लंडनमध्ये किंग्ज ट्रूप हे तोफखान्याचे पथक पहिल्या महायुद्धातल्या १३-पौंडी तोफा आजही सहा घोडे जुंपून सलामीसाठी नेते.

ओढण्याची कला

वाहन दुरुस्त करणारे हौशी पुष्कळ आहेत. मागे तोफ लावून चालवणारे त्या मानाने थोडे. कारण यातली अडचण पैशाची जितकी, तितकीच हाताच्या सवयीची आहे. एका ट्रेलरची गाडी मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते, हे कोणत्याही ट्रकचालकाला माहीत असते. क्वाडमागे दोन सांधे असतात. लिंबर एकीकडे वळले की तोफ दुसरीकडे जाते, आणि दोन-तीन मीटरांतच सगळा ताफा घडीच्या चाकूसारखा मिटतो. म्हणून जाणकार मागे घेण्याच्या भानगडीत पडतच नाहीत. तोफ सोडवतात, चार-पाच जण मिळून हाताने ढकलतात आणि पुन्हा जोडतात. युद्धातही पथके हेच करत. जागा पाहूनच आत शिरायचे, हा इथला पहिला धडा.

दुसरा धडा उताराचा. उतारावर भरलेला गाडा बैलांच्या अंगावर येतो, तशी पावणेदोन टनांच्या आसपासची तोफ क्वाडवर येते. जुने ड्रम ब्रेक आणि बिनसिंक्रो (वेग नेमका जुळवल्याशिवाय न बसणारे) गिअर अशा वेळी परीक्षा पाहतात. माथ्यावरच खालचा गिअर टाकून मग उतरायचे. मधेच गिअर बदलायला गेले आणि तो बसला नाही, तर सगळा ताफा मोकळा सुटतो. हौशी मंडळी ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाहीत. लांबच्या मेळाव्याला गाडी आणि तोफ दोन्ही लो-बेड ट्रेलरवर घालून नेतात, आणि शेवटचे काही किलोमीटर ताफा जोडून चालवतात. यावर नाके मुरडणारे लोक आहेत, पण ऐंशी वर्षांच्या बेअरिंगांचा विचार केला तर मुरडू नयेत.

निघताना सुरक्षेची साखळी, आकड्याची खीळ आणि तोफेच्या नळीखाली बांधलेली लाल दिव्यांची पट्टी तपासतात. मूळ ताफ्यात असे दिवे नव्हते. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे बंद ठेवल्यावर, मागच्या चालकाला पुढची गाडी दिसावी म्हणून ब्रिटिश गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधली गिअरची गोल पेटी) पांढरा रंगवत आणि त्यावर एक छोटा दिवा सोडत. विमानातून काही दिसत नसे, मागच्याला मात्र अंधारात तरंगणारा पांढरा गोळा दिसे. क्वाड नीट जतन केली आहे का, हे पाहायचे असेल तर आधी खाली वाकून हा गोळा पाहावा. पुष्कळ गाड्यांवर तो राहून गेलेला असतो.

भंगारातून रस्त्यावर

युद्धानंतर ही वाहने स्वस्तात विकली गेली. क्वाड जंगलातले ओंडके ओढायला लागल्या, गॅरेजवाल्यांनी छप्पर कापून त्यांना क्रेन बसवली, शेतकऱ्यांनी उरलेल्या वापरल्या. तोफा छावणीच्या दारात शोभेला उभ्या राहिल्या किंवा भट्टीत गेल्या. आज हाती येते ते बहुधा चासी (गाडीचा सांगाडा), गंजलेले अ‍ॅक्सल आणि कोंबड्या बसून गेलेली केबिन.

काम चाकांपासून सुरू होते, आणि जीव जाण्याची भीतीही तिथेच असते. ब्रिटिश लष्करी गाड्यांची अनेक चाके दोन तुकड्यांची, नटबोल्टने जोडलेली असतात. चाकावर नटांची दोन वर्तुळे दिसतात. आतले वर्तुळ चाक हबला धरून ठेवते, बाहेरचे दोन्ही तुकडे एकमेकांना. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले, तर रिमचा तुकडा तोफगोळ्यासारखा उडतो. म्हणून बाहेरचे नट लाल रंगवायची पद्धत आहे. अडचण अशी की मधल्या कुठल्या तरी मालकाने सगळे चाक एकाच हिरव्या रंगात बुडवलेले असते. जुना कारागीर आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडतो आणि मगच पाना हातात घेतो.

इंजिन त्या मानाने सोपे. ब्लॉक रिबोअर करायचा (सिलिंडर आतून पुन्हा कोरायचे), पिस्टन-रिंगा बदलायच्या, बेअरिंग नवे घालायचे, ही कामे कुठलाही चांगला टर्नर करतो. तोफेची धक्का शोषणारी यंत्रणा मात्र वेगळी चीज आहे. तिच्यात तेल आणि दाबाखालची हवा असते. आत दाब शिल्लक आहे की नाही, हे न पाहता टोपण उघडणे म्हणजे त्या चाकाचाच दुसरा अवतार. पुष्कळ तोफांचा हा भाग बंदच ठेवतात, कारण तोफ ओढायला त्याची गरज नसते.

रंगाचे काम सर्वांत शांत आणि सर्वांत भांडणाचे. वॉटर पेपरने एकेक थर घासत गेले की मधेच पांढरे आकडे वर येतात. तो गाडीचा लष्करी नोंदणी क्रमांक. त्यावरून गाडी कोणत्या करारातली, हे सांगता येते. आकडे दिसायला लागले की हात थांबतो. घाई केली तर पुढच्या दोन फटक्यांत क्रमांक कायमचा जातो. भांडण छटेवरून होते. ब्रिटिश वाहनांवर १९४१ पासून ‘एस.सी.सी. २’ (सरकारी रंगांच्या यादीतला क्रमांक) हा तपकिरी रंग होता, १९४४ मध्ये ‘एस.सी.सी. १५’ हा ऑलिव्ह हिरवा आला. कोणत्या उन्हात, किती जुना झाल्यावर तो कसा दिसे, यावर तासन्‌तास वाद चालतात. युद्धात मिळेल तो डबा मिळेल त्या ब्रशने फासला जाई, हे सगळ्यांना माहीत असते. तरीही वाद होतो.

अमेरिकन जीपच्या बाबतीत अस्सलपणाची कसोटी आणखी बारीक आहे. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ मध्ये मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. आराखडा एकच. पण फोर्डने जमेल त्या सुट्या भागावर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, ‘एफ’ अक्षर उमटवले. रेडिएटरखालचा चासीचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. ऐंशी वर्षांच्या दुरुस्त्यांत दोन्हींचे भाग एकमेकांत मिसळले. आता लोक एफचे बोल्ट शोधत फिरतात. एकाच कंपनीची जीप पुन्हा जुळवायला वर्षे जातात, आणि चालवताना त्याने काडीचा फरक पडत नाही.

तोफ आणि कायदा

चालू तोफ खाजगी हाती ठेवणे जवळपास सर्वत्र अवघड आहे. ब्रिटनमध्ये शस्त्र कायमचे निकामी करण्याचे अधिकृत निकष १९८८ च्या कायद्यातून आले. निकषांप्रमाणे काम झाले की लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे शस्त्रे तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का मिळतो. मेळाव्यात पंचवीस-पौंडी धडाडताना दिसली, तर आवाज बहुधा गॅसच्या यंत्राचा असतो. वाहनांना मात्र तिथला कायदा उदार आहे. चाळीस वर्षांवरील वाहनाला रस्ता-कर माफ असतो.

भारतात ही वाट बंद आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘निषिद्ध शस्त्रे’ या व्याख्येतच तोफखाना, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रे येतात. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत. त्यामुळे इथल्या छंदात गाडी आहे, तिच्यामागचा आकडा रिकामा आहे.

संघटना आणि मेळावे

ब्रिटनमधील मिलिटरी व्हेइकल ट्रस्ट १९६८ चा, अमेरिकेतील मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन १९७६ चा. या अमेरिकन संस्थेने २००९ मध्ये जुन्या लष्करी गाड्यांचा ताफा अमेरिकेच्या पूर्वेकडून पश्चिम किनाऱ्याला नेला. १९१९ मध्ये अमेरिकी लष्कराने वॉशिंग्टन ते सॅन फ्रान्सिस्को असा ताफा नेला होता, त्याला दोन महिने लागले होते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तरुण आयझेनहॉवर त्यात होते. त्याची ही आठवण होती. फ्रान्सच्या नॉर्मंडीत, १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा किनाऱ्यावर उतरल्या त्या ६ जूनच्या सुमारास, गावोगावच्या गल्ल्या जीपांनी भरतात. संग्रहालयांपैकी इंग्लंडमधले बॉव्हिंग्टन रणगाडा संग्रहालय अग्रगण्य. ट्युनिशियात १९४३ मध्ये पकडलेला जर्मन रणगाडा टायगर १३१ तिथे चालत्या अवस्थेत आहे.

महाराष्ट्र

इथला धागा जीपचा. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपा जोडायला सुरुवात केली, आणि ‘लो बोनेट’, ‘हाय बोनेट’ (बोनेटच्या उंचीवरून पडलेली जीपांची नावे) हे शब्द मेकॅनिकांच्या तोंडी बसले. जबलपूरच्या लष्करी कारखान्यांतून आलेली, निसानच्या आराखड्यावरची जोंगा ही जीपसारखी गाडीही चाहत्यांची लाडकी. पुढे डिझेल स्वस्त पडते म्हणून असंख्य जीपांत डिझेल इंजिने बसली. त्या बदलाची किंमत आता मोजावी लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतील खास क्रमांक मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. म्हणून मूळ पेट्रोल इंजिन भंगारातून शोधून पुन्हा बसवण्याची धडपड चालते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून १९६५ च्या युद्धातला पॅटन रणगाडा आणि जुनी रोल्स-रॉईस चिलखती गाडी पाहता येते. ती उभी आहेत, चालत नाहीत.

तोफ हवीच असेल, तर मराठी माणूस गडावर जातो. दुर्गसंवर्धन करणाऱ्या तरुणांच्या गटांनी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने अनेक किल्ल्यांवरच्या बेवारस तोफांना सागवानी तोफगाडे बसवले आहेत. दरीत कोसळलेल्या तोफाही वर आणल्या आहेत. गडाच्या वाटेवर क्वाड चढत नाही. गाड्याची चाके आणि फळ्या सुट्या करून खांद्यावरून नेतात, आणि तोफेला दोर लावून माणसे ओढतात.