कंपरोधक हस्तसाधन

हाताचा अनैच्छिक कंप कमी करण्यासाठी मनगट, अग्रबाहू किंवा कोपरावर घालण्याचे साधन. इसेन्शियल ट्रेमर (मुख्यतः हाताचा वापर करताना जाणवणारी थरथर) आणि कंपवात (पार्किन्सन रोग) या विकारांत औषधांचा पुरेसा गुण येत नाही किंवा मेंदूवरील शस्त्रक्रिया नको असते, तेव्हा त्याचा विचार होतो.

या साधनांचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. लँग्टन ह्यूअर, कूपर व मॉर्गन यांनी हाताला वजन बांधण्याच्या उपायाचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. काही लेखक तेथून सुरुवात करतात. परंतु वजनाने हाताचे जडत्व तेवढे वाढते. कंपाची ऊर्जा शोषून घेणाऱ्या अवमंदक रचनांवर मायकेल रोझेन यांनी अमेरिकेत साधारणपणे १९८० च्या दशकात काम केले. आजच्या साधनांमागील तत्त्व पाहता हा दुसरा आरंभ अधिक सयुक्तिक वाटतो.

अभिकल्पातील खरी अडचण म्हणजे कंप आणि हेतुपुरस्सर हालचाल वेगळी ओळखणे. दैनंदिन हालचाली बहुधा २ हर्ट्‌झच्या (सेकंदाला २ आवर्तनांच्या) खाली असतात. कंपवातातील विश्रामकंप (हात स्वस्थ असताना होणारा कंप) साधारण ४ ते ६, तर इसेन्शियल ट्रेमर ४ ते १२ हर्ट्‌झ असतो. त्यामुळे गाळणी (ठरावीक वारंवारतेचेच संकेत पुढे जाऊ देणारी योजना) लावून दोन्ही संकेत वेगळे करणे सोपे भासते. पण गाळणीमुळे विलंब होतो. ५ हर्ट्‌झ कंपाचे एक आवर्तन २०० मिलिसेकंदांचे असते. कंपाला विरोध करणारे बल ५० मिलिसेकंद उशिरा आले तर ते पाव आवर्तन मागे पडते आणि १०० मिलिसेकंद उशिरा आल्यास कंपाला विरोध करण्याऐवजी त्याला जोरच देते. म्हणून कंपाची वारंवारता सतत शिकत पुढील क्षणाचा अंदाज बांधणाऱ्या अनुकूली गणनपद्धती वापरतात. वजनित-वारंवारता फूरिये रेषीय संयोजक ही त्यांपैकी विशेष प्रचलित पद्धत होय.

स्पेनमधील रोकॉन, पोन्स व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वर्णिलेले ‘वोटास’ हे मोटरचालित साधन कोपर, अग्रबाहू व मनगट यांवर काम करी. त्याने कंपशक्ती सुमारे ४० टक्के, तर तीव्र कंपाच्या काही सांध्यांत ८० टक्क्यांपर्यंत घटल्याचे नोंदले आहे. शक्ती ही आयामाच्या (हात किती दूरवर हलतो त्या मापाच्या) वर्गाच्या प्रमाणात असल्याने ४० टक्के घट म्हणजे आयामात जेमतेम २३ टक्के घट, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मनगट रोखल्यावर कंप वरच्या सांध्यांकडे सरकण्याची शक्यताही याच अभ्यासात मांडली आहे. साधनाचे वजन सुमारे ८५० ग्रॅम होते. थकलेल्या, वृद्ध हातासाठी हा भार थोडा नव्हे.

विद्युत-उद्दीपनाचा मार्ग हलका आहे. प्रोचाझ्का व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये कंपाच्या विरुद्ध कलेत, म्हणजे कंप ज्या दिशेने जातो त्याच्या उलट ओढणारे स्नायू त्या त्या क्षणी, उद्दीपित केले. पुढे कॅला कंपनीच्या मनगटी साधनात मध्यिका व बहिःप्रकोष्ठिका या हाताच्या तंत्रिकांना (नसांना) रुग्णाच्या कंपवारंवारतेनुसार आलटून पालटून स्पंद देण्यात आले. त्यास अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्याची क्रिया स्नायूंत होते की मेंदूत, याबद्दल वाद आहे. उद्दीपन थांबल्यावरही काही काळ आराम टिकतो, हे पाहता थॅलॅमस या मेंदूच्या आतील भागातील लय विस्कळीत होते हा पक्ष अधिक ग्राह्य दिसतो.

घूर्णी (वेगाने फिरणारी) चकती वापरणारे हातमोजे आणि मेळ साधलेले वस्तुमान-अवमंदक (कंपाच्या वारंवारतेशी जुळवलेले, स्वतः हलून कंप शोषणारे छोटे वजन) हेही प्रकार आहेत. अवमंदकाचा मेळ एका वारंवारतेशी घातलेला असल्याने कंपाची वारंवारता बदलली की त्याचा प्रभाव ओसरतो.