कागदावर 17 फेऱ्या, मैदानावर 7

रोबो बनवण्याच्या स्पर्धेचा यंदाचा खेळ जाहीर झाला की पहिल्याच संध्याकाळी फळ्यावर यादी चढते. आपला रोबो जमिनीवरून वस्तू उचलेल, सर्वांत वरच्या पातळीवर ठेवेल, नेम आपोआप धरेल, आणि शेवटी पिंजऱ्याला लटकेल. यादीतले प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या टीमने कधीतरी केलेले असते, त्यामुळे त्यात अशक्य असे काहीच दिसत नाही. पण ही सगळी कामे एकाच रोबोने, एकाच मॅचमध्ये करायची असतात, आणि तो रोबो मोजक्या आठवड्यांत उभा करायचा असतो. गाडी अडते ती इथे. किती अपेक्षा ठेवावी याचा अंदाज मात्र पहिल्याच आठवड्यात बांधता येतो. त्याला गुणाकार-भागाकार येणे पुरते.

शाळकरी विद्यार्थ्यांची फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन उदाहरणाला घेऊ. 1992 मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत आता तीन-तीन टीमच्या दोन आघाड्या समोरासमोर उतरतात. 2025 च्या मोसमात मॅच अडीच मिनिटांची होती. पहिले 15 सेकंद रोबो स्वतःच्या कोडवर चालायचा आणि पुढची 2 मिनिटे 15 सेकंद ड्रायव्हरच्या हातात. या 135 सेकंदांतले शेवटचे 30 लटकण्यासाठी बाजूला काढले, की वस्तू आणून ठेवण्याच्या फेऱ्यांसाठी उरतात 105 सेकंद. सगळा हिशेब या 105 सेकंदांचा आहे.

आता एका फेरीला किती वेळ लागतो ते पाहू. या स्पर्धेत सर्रास वापरली जाणारी निओ मोटर रिकामी फिरताना मिनिटाला 5676 फेरे घेते. 6.75 पट वेग कमी करणारे गिअर आणि 4 इंच व्यासाचे चाक लावले, तर रोबोचा कमाल वेग निघतो सेकंदाला सुमारे 4.5 मीटर. वस्तू उचलण्याची आणि ठेवण्याची जागा एकमेकींपासून 8 मीटरवर असतील, तर जाऊन यायला साडेतीन सेकंद. वस्तू आत ओढायला एक, ठेवायला एक. म्हणजे फार तर 6 सेकंदांत फेरी आणि 105 सेकंदांत 17 फेऱ्या! हा आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि पुढचे सगळे मनसुबे त्यावर उभे राहतात.

पण वजन ओढताना मोटर रिकामीसारखी फिरत नाही. घर्षण आणि बॅटरीचा दाब (व्होल्टेज) पडणे धरून वेग 3.8 च्या आसपास मिळाला तरी बरा. शिवाय रोबोला शून्यापासून वेग घ्यायचा असतो आणि परत शून्यावर यायचे असते. सेकंदाला 3 मीटर प्रतिसेकंद या दराने वेग वाढला, तर 3.8 पर्यंत पोहोचण्यातच 2.4 मीटर संपतात आणि थांबताना आणखी 2.4. पूर्ण वेगाने धावायला मधले 3.2 मीटर तेवढे उरतात. 8 मीटरला लागतात 3.4 सेकंद, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीनच्या जागी जवळपास 7. आणि हे मध्ये कोणी आडवे आले नाही तर.

तरी खरा वेळ धावण्यात जात नाही, तो जातो शेवटच्या अर्ध्या मीटरात. रोबो रॅकसमोर येतो, दोन बोटे डावीकडे असतो, ड्रायव्हर मागे घेतो, पुन्हा पुढे येतो. लांबून पाहणाऱ्याला हे दोन सेकंद जाणवतही नाहीत. पण उचलताना दोन आणि ठेवताना दोन असे ते प्रत्येक फेरीत दोनदा जातात. त्यात प्रतिस्पर्ध्याचा एखादा धक्का धरला, की मध्यम टीमची फेरी 12 ते 15 सेकंदांवर येते. 14 धरले तर 105 सेकंदांत 7 फेऱ्या, म्हणजे कागदावरच्या निम्म्याही नाहीत. गाडी आणखी वेगवान करून यातला फारच थोडा वेळ परत मिळतो. आत ओढण्याचे तोंड रुंद केले, म्हणजे वस्तू 10 सेंटीमीटर इकडेतिकडे असली तरी रोलर तिला खेचून घेतील अशी रचना केली, तर फेरीमागे दोन-दोन सेकंद वाचतात. आपल्या मते इनटेक, म्हणजे हे आत ओढण्याचे तोंड, हा रोबोचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि बहुतेक टीम त्याच्यावर सर्वांत कमी दिवस खर्च करतात.

वरची पातळी हवी की खालची?

2025 च्या खेळात पाइपचे तुकडे चार पातळ्यांवर ठेवायचे होते. ड्रायव्हरच्या वेळेत दुसऱ्या पातळीला 3 गुण आणि चौथीला 5. चौथी पातळी जमिनीपासून सुमारे 1.83 मीटर उंच. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच 5 असतात.

समजा दुसऱ्या पातळीची फेरी 14 सेकंदांची आहे आणि 100 पैकी 95 वेळा जमते. 7 फेऱ्यांचे सरासरी 20 गुण होतात. चौथ्या पातळीसाठी लिफ्ट वर जायला, डोलायची थांबायला आणि खाली यायला वेळ लागतो, म्हणून फेरी 20 सेकंदांची आणि यश 70 टक्के धरू. 5 फेऱ्या, प्रत्येकी 5 गुण, गुणिले 0.7, म्हणजे साडेसतरा. महागडी, वजनदार, उंच लिफ्ट बनवून टीम मागेच पडली. तीच लिफ्ट 15 सेकंदांत आणि 90 टक्के वेळा चालली, तर मात्र साडेएकतीस गुण मिळतात आणि ती करण्यासारखी ठरते. प्रश्न पातळीचा नाहीच. तेवढी सफाई आपल्याला येणार आहे का, हे विचारायचे.

लटकण्याचेही तसेच. खोल, म्हणजे जमिनीलगत टांगलेल्या, पिंजऱ्याला लटकले तर 12 गुण, नुसते ठरलेल्या जागेत येऊन थांबले तर 2. लटकणे निम्म्या वेळाच जमत असेल, तर सरासरी 6 गुण, आणि फसलेल्या वेळी रोबो जागेत उभा असल्याचे मिळून 7. न लटकता त्या 30 पैकी 20-25 सेकंद दुसऱ्या पातळीच्या फेऱ्यांना दिले आणि शेवटी जागेत येऊन थांबलो, तर 6 च्या आसपास मिळतात. म्हणजे पन्नास टक्के यशाची लटकण्याची यंत्रणा जेमतेम बरोबरी साधते. 90 टक्क्यांची असेल तर 11 गुण, सरळ फायदा.

गंमत म्हणजे लटकण्याला ताकद फार लागत नाही. बॅटरी आणि बंपरसकट 65 किलोचा रोबो अर्धा मीटर उचलायला सुमारे 320 ज्यूल लागतात. तीन सेकंदांत उचलला तर 107 वॅट, एका मोटरच्या आवाक्यातले काम. फसते ते हुक अडकवताना. आणखी एक चूक नेमाने होते. मॅच संपताच मोटरांची वीज तुटते आणि मागे फिरू शकणारे गिअर असतील तर रोबो सावकाश खाली येतो. गुण मोजायला पंच येईपर्यंत तो जमिनीवर टेकलेला असतो. रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारी खीळ) किंवा ब्रेक आधीच बसवला, तर हा प्रसंग येत नाही.

95 टक्के म्हणजे किती?

एका फेरीत साधारण सहा गोष्टी बिनचूक व्हाव्या लागतात. वस्तू आत येणे, ती योग्य दिशेने धरली जाणे, सेन्सरने ती ओळखणे, हात ठरल्या कोनात जाणे, रोबो समोर नीट लागणे, वस्तू सुटणे. प्रत्येक गोष्ट 95 टक्के वेळा जमते म्हटले, की टीम खूश. पण 0.95 सहा वेळा गुणले की उरतात 0.735. चारातली एक फेरी वाया! प्रत्येक गोष्ट 90 टक्क्यांवर असेल, तर निम्म्याच फेऱ्या पुऱ्या होतात. भारी कल्पनांचा रोबो मैदानात लंगडतो आणि शेजारचा साधा खोका गुण कमावत राहतो, त्याचे कोडे बहुतेक वेळा इथेच सुटते.

हे 95 टक्के ठरवायचे कसे? वर्कशॉपमध्ये सलग 10 वेळा जमले म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. चारात एकदा फसणारे यंत्रसुद्धा सलग 10 वेळा बरोबर चालण्याची शक्यता साडेपाच टक्के असते. सलग 30 वेळा चुकले नाही, तर चुकण्याचे प्रमाण 10 टक्क्यांच्या आत असल्याची 95 टक्के खात्री धरता येते. 30 वेळा म्हणजे फार तर अर्ध्या तासाचे काम. मात्र रोबो दरवेळी जागेवरून हलवून, वस्तू तिरकी-वाकडी टाकून आणि अर्धी वापरलेली बॅटरी लावूनही करायचे. टेबलावर बांधून ठेवलेल्या रोबोची चाचणी ही चाचणी नव्हे.

फसण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. हाताच्या सांध्यातल्या चेनमध्ये 1 अंशाचा सैलपणा असला, तर 80 सेंटीमीटर लांब हाताच्या टोकाशी तो 14 मिलिमीटर होतो. पाइप खुंटीवर बसण्यासाठी एवढी फट अनेकदा नसतेच. मोटर कितीही बारकाईने कोन पाळो, एनकोडर (फिरण्याचा कोन मोजणारा सेन्सर) मोटरवरच बसवला असेल तर त्याला चेनचा झोल दिसत नाही. एनकोडर थेट सांध्याच्या शाफ्टवर बसवायचा आणि चेनला ताणणारा स्क्रू द्यायचा. मोटर कंट्रोलरना जोडणारी कॅन बसची वायर एकातून दुसऱ्यात अशी साखळीने जाते. मधला एक कनेक्टर धक्क्याने सुटला, की त्याच्या पुढचे सगळे कंट्रोलर गप्प. प्रत्येक क्रिम्प (वायरीच्या टोकावर दाबून बसवलेला जोड) हाताने ओढून पाहायचा आणि कनेक्टरला बंध घालायचा, यापलीकडे त्यात शास्त्र नाही.

बॅटरीचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण तिचा दोष नेहमी कोडच्या माथी मारला जातो. ही 12 व्होल्ट, 18 अँपिअर-अवरची बंद लेड-अॅसिड बॅटरी असते. पूर्ण भरलेली असताना 12.7 व्होल्ट दाखवते. तिचा आणि वायरिंगचा मिळून रोध 20 मिलिओहम धरू. चार चाकांच्या मोटरा आणि लिफ्ट एकदम जोर लावतात तेव्हा 250 अँपिअर सहज जातात. 250 गुणिले 0.02 म्हणजे 5 व्होल्टची घट, उरले 7.7. अजून सगळे चालू आहे. आता टर्मिनलचा बोल्ट किंचित सैल आहे आणि तिथे आणखी 10 मिलिओहम वाढले असे समजा. घट साडेसात व्होल्ट, उरले 5.2. सुमारे 6.8 व्होल्टखाली दाब गेला की रोबोचा मुख्य कंट्रोलर मोटरांना जाणारे सिग्नल तोडतो. रोबो अडखळतो, दाब सावरतो, पुन्हा अडखळतो. ड्रायव्हर म्हणतो कोड अडकतोय. प्रोग्रॅमर रात्रभर कोड चाळतो. आणि दोष निघतो एका नटाचा. टर्मिनल हाताने पिरगाळून पाहिले तर तसूभरही फिरता कामा नये. चाकांच्या प्रत्येक मोटरला कोडमध्येच 40 अँपिअरची मर्यादा घातली, तर वेग फारसा कमी होत नाही आणि हे अडखळणे जवळपास थांबते.

मुख्य ब्रेकर 120 अँपिअरचा असताना 250 अँपिअर कसे जातात, असे कोणी विचारेल. तो उष्णतेवर चालणारा ब्रेकर आहे. काही सेकंदांचा जादा भार तो सोसतो, सतत ढकलाढकली केली की मात्र पडतो आणि रोबो उरलेल्या मॅचमध्ये नुसते सामान होऊन बसतो.

स्वयंचलित 15 सेकंदांकडून पहिल्या वर्षी एकच मागणी ठेवावी. सुरुवातीची रेषा ओलांडायची आणि रोबोत आधीच ठेवलेली वस्तू योग्य जागी टाकायची. रोबो मैदानात ठेवताना 2 अंश तिरका ठेवला गेला, तर 5 मीटर पुढे गेल्यावर तो 17 सेंटीमीटर बाजूला असतो. चाके घसरली की एनकोडरचा हिशेबही चुकतो. 2023 पासून या स्पर्धेच्या मैदानावर एप्रिलटॅग नावाचे चौकोनी ठसे लावतात. कॅमेऱ्याने ते वाचून रोबोला आपली जागा दुरुस्त करता येते. पण कॅमेऱ्याचे कोन मोजणे, प्रकाश बदलल्यावर एक्स्पोजर जुळवणे, लांबून आलेल्या वाचनावर कमी विश्वास ठेवणे, यात दोन-तीन आठवडे जातात. रोबो शेवटच्या दिवशी तयार झाला तर ते आठवडे आणायचे कुठून?

एकेकाळी या स्पर्धेत सहा आठवड्यांनी रोबो पिशवीत सीलबंद करावा लागे. 2020 च्या मोसमापासून ती अट गेली, पण पहिली स्पर्धा फार लांब नसते. त्या सहा आठवड्यांची विभागणी बहुतेक ठिकाणी अशी होते: दोन आठवडे चर्चा, तीन आठवडे कापाकापी, पाचव्याच्या शेवटी वायरिंग, सहाव्यात कोड आणि ड्रायव्हरला एक संध्याकाळ. हे उलटे बसवावे. पहिल्या तीन दिवसांत लाकडाच्या फळ्या आणि ड्रिल मशीन वापरून इनटेकचे दोन-तीन नमुने करून पाहायचे. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस नुसती चाके लावलेली चौकट पळती हवी, म्हणजे प्रोग्रॅमर आणि ड्रायव्हर दोघांचे काम सुरू होते. चौथ्या आठवड्याअखेर एक पूर्ण फेरी जमायला हवी, भले 25 सेकंदांची का असेना. ड्रायव्हरने 20 तास सराव केला की तीच फेरी कुठलाही भाग न बदलता 15 च्या आसपास येते. इतका स्वस्त सुधार दुसरा नाही.

चौथ्या आठवड्यात फेरी जमलेली नसेल, तर फळ्यावरच्या यादीतून आधी लटकणे खोडावे. पण चौकटीत त्याची जागा, त्याचे बोल्टचे छेद, मोटरच्या दोन वायरी आणि 5 किलो वजन राखून ठेवावे. 2025 मध्ये बॅटरी आणि बंपर सोडून रोबोला 52 किलोची मर्यादा होती. पहिल्या स्पर्धेतून 47 किलोचा, सलग सात फेऱ्या करणारा रोबो परत आला, की दुसरीच्या आधी हुक बसवायला दोन शनिवार पुरतात.