मुंगी, खमीर आणि झाडू: रोजच्या गोष्टींत धडा शोधायची सवय आली कुठून

फोनची बॅटरी उतरली की प्रार्थनेची आठवण, जीपीएसने रस्ता चुकल्याचं सांगितलं की पश्चात्ताप. असे मेसेज ख्रिस्ती ग्रुप्सवर रोज फिरतात, आणि वाचून कधी खरंच काहीतरी आत हलतं तर कधी वाटतं की अरे बॅटरीला बॅटरी राहू द्या ना. पण ही काही व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यातली खोड नाही, फार जुनी आहे, आणि तिची चेष्टाही तीनशे वर्षांपूर्वीच करून झालीये, त्याकडे येतोच.

सुरुवात बायबलच्या पहिल्या भागात, जुन्या करारातच सापडते. त्यातल्या नीतिसूत्रांत आळशी माणसाला सरळ मुंगीकडे पाठवलंय. यिर्मया या संदेष्ट्याला देव कुंभाराच्या घरी जायला सांगतो, तिथे चाकावर भांडं बिघडतं आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं घडवतो, तेवढं बघायचं आणि मग ऐकायचं. त्याच यिर्मयाला आधी बदामाची डहाळी दिसते, ती का ते मराठीत वाचताना कळतच नाही, कारण गंमत हिब्रू शब्दात आहे: बदाम म्हणजे शाकेद आणि 'लक्ष ठेवणारा' म्हणजे शोकेद. देव म्हणतो मी माझ्या वचनावर लक्ष ठेवून आहे. म्हणजे चक्क कोटी केलीये!

मग येशू. त्याचे दाखले, म्हणजे शिकवताना सांगितलेल्या छोट्या गोष्टी, सगळे घरातले, शेतातले, बाजारातले. पेरणारा, हरवलेलं नाणं, मोहरीचा दाणा, रात्री दार ठोठावणारा शेजारी. आपण ते इतक्यांदा ऐकलेत की गोड वाटतात, पण ऐकणाऱ्यांना तेव्हा ते गोड वाटले असतील असं नाही. खमिराचाच घ्या. एक बाई तीन मापं पिठात खमीर घालते आणि सगळं पीठ फुगतं, बस. पण वल्हांडणाच्या (यहुदी सणाच्या) वेळी घरातलं खमीर शोधून शोधून बाहेर काढायची त्या लोकांची रीत, आणि येशू स्वतःच दुसरीकडे परूश्यांच्या (एका कडक यहुदी पंथाच्या लोकांच्या) खमिरापासून सांभाळा म्हणतो. आणि इथे स्वर्गाचं राज्य म्हणजे खमीर! शिवाय ती तीन मापं म्हणजे साधारण 35-40 लिटर पीठ, एका घराला पुरून उरेल त्याच्या कितीतरी पट, शंभरेक माणसं जेवतील एवढं. एवढं पीठ कुणासाठी मळतेय ती? येशू सांगत नाही. गोष्ट एका वचनात संपते.

पुढच्या शतकांत मात्र लोकांना उत्तरं हवी झाली. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत (लुटलेल्या जखमी माणसाला एक परका धर्मशाळेत नेतो ती) ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडिताने प्रत्येक वस्तूला अर्थ लावला, धर्मशाळा म्हणजे मंडळी (चर्च) आणि धर्मशाळेचा मालक म्हणजे प्रेषित पौल. निसर्गाचंही तेच झालं. 'फिजिओलोगस' नावाचं एक ग्रीक पुस्तक पहिल्या काही शतकांत तयार झालं, त्यात सिंहीण मेलेली पिल्लं जन्माला घालते आणि तिसऱ्या दिवशी बाप येऊन त्यांना जिवंत करतो, पेलिकन पक्षी स्वतःचं रक्त देऊन पिल्लं उठवतो. धडा ठीक, पण सिंह आणि पेलिकन असं काही करत नाहीत! म्हणजे धडा आधी ठरला आणि प्राणी मागून त्याला बसवला. माझ्या मते खरी गडबड इथूनच सुरू होते, आणि बॅटरीवाला मेसेज याच पुस्तकाचा नातू आहे.

पण एक दुसरी वाटही चालू होती, तिच्यात वस्तूला अर्थ चिकटवायचा नाही, तिच्याशी नीट वागायचं. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या साधूने मठाच्या नियमांत लिहिलं की कोठीवाल्याने मठाची सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. 1522 मध्ये लग्नाविषयी लिहिताना प्रॉटेस्टंट सुधारक लूथर म्हणाला की बाप विश्वासाने पोराची लंगोटं धुतो तेव्हा लोक हसतात पण देव आपल्या दूतांसकट आनंदाने हसतो (लूथर तेव्हा स्वतः ब्रह्मचारीच होता, लंगोटं नंतर आली). जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याच्या साधनेच्या पुस्तकात, जे 1548 ला छापलं गेलं, दिवसातून दोनदा थांबून आपलाच दिवस तपासायची पद्धत आहे.

आणि ब्रदर लॉरेन्स. मूळ नाव निकोला एरमाँ, तरुणपणी सैनिक. अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहिलं, याला थोड्या दिवसांनी पानं फुटतील असं मनात आलं आणि तेवढ्यावर आयुष्य वळलं. नंतर पॅरिसच्या कार्मेलाइट (एका कॅथलिक संन्यासी संघाच्या) मठात वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात काम केलं, ते काम त्याला मुळात आवडायचं नाही, मग चपला दुरुस्त केल्या, 1691 मध्ये गेला. कढईतलं ऑम्लेट मी देवाच्या प्रेमासाठी उलटतो असं तो म्हणायचा. ऑम्लेट कशाचं प्रतीक वगैरे काही नाही, ऑम्लेट ते ऑम्लेटच.

इकडे इंग्लंडमध्ये प्रॉटेस्टंट लोकांनी याचं अक्षरशः शास्त्र केलं. बिशप जोसेफ हॉलने 1606 मध्येच मननाचे दोन प्रकार सांगितले, एक ठरवून बसून करायचं आणि दुसरं अचानक काही दिसलं म्हणून सुचणारं. त्या दुसऱ्या प्रकाराचा त्याचा संग्रह 1630 ला आला, खिडकीतला कोळी, खोलीत येऊन गाणारा रॉबिन पक्षी असले विषय. जॉन फ्लेव्हल या पाळकाने खलाशांसाठी जहाजावरून आणि शेतकऱ्यांसाठी नांगरटीवरून आख्खी पुस्तकं लिहिली. आणि रॉबर्ट बॉइल, हो तोच, शाळेत वायूच्या दाबाचा नियम शिकतो तो, त्यानेही 1665 मध्ये असं पुस्तक काढलं, त्यात आपल्या कुत्र्याला खायला कसं देतो यावरसुद्धा मनन आहे.

आता झाडू. 'गलिव्हर'वाला लेखक जोनाथन स्विफ्ट एकेकाळी लॉर्ड बर्कलीच्या घरी धर्मगुरू होता, आणि घरच्या बाईसाहेबांना बॉइलची मननं मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे. कंटाळून त्याने झाडूवर एक नकली मनन लिहून त्या पुस्तकात सरकवलं आणि गंभीर चेहऱ्याने वाचलं, अशी गोष्ट सांगतात. जंगलात बहरलेलं झाड आता उलटं होऊन जगाची घाण काढतं आणि स्वतः घाण होतं, माणूसही तसाच उलटा झाडू. बाईसाहेब म्हणे भारावून गेल्या. 1710 ला ते छापलं गेलं. त्यातली खरी मेख अशी की ते वाईट लिहिलेलंच नाही, अजूनही वाचताना दोन क्षण पटतं, म्हणजे कुठल्याही वस्तूवरून कुठलाही धडा काढता येतो हे त्याने करूनच दाखवलं.

तरी प्रकार काही थांबला नाही. विसाव्या शतकात रोजच्या मननाच्या छोट्या पुस्तिका आल्या, अमेरिकेत मेथॉडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची 'द अपर रूम' 1935 ला सुरू झाली, आणि अशा पुस्तिकांत वचन, छोटा प्रसंग, प्रार्थना हा एका पानाचा साचा घट्ट झाला, आजचे मेसेज त्याच साच्यातले. त्याच 1935 मध्ये सी. एच. डॉड या बायबल-अभ्यासकाने दाखल्यांवर पुस्तक लिहिलं. त्याच्याआधी जर्मनीत यूलिशर या अभ्यासकाने 1888 पासून ऑगस्टीनछाप अर्थ लावण्यावर टीका केलीच होती, पण त्याच्या लेखी दाखल्यात एकच सरळ मुद्दा असतो. डॉडने आणखी पुढचं सांगितलं की दाखला रोजच्या जगण्यातून उचललेला असतो, थोडा विचित्र असतो, आणि नेमका अर्थ काय याची शंका मनात मुद्दाम ठेवून जातो म्हणजे माणूस स्वतः विचाराला लागेल. एका पानाच्या साच्यात त्या शंकेला जागाच नसते, शेवटच्या ओळीत उत्तर द्यावंच लागतं. खमिराच्या दाखल्याचा अर्थ मात्र तो ज्या दोन शुभवर्तमानांत आहे त्यांतल्या मत्तयमध्येही दिलेला नाही, लूकमध्येही नाही.