मोठा टर्बो बसवायचाय? गाडी आणण्याआधी एवढं वाचा

टर्बो म्हणजे एक्झॉस्ट गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. आमच्या गॅरेजला येणारे बहुतेक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतात: "या टर्बोने किती हॉर्सपॉवर वाढेल?" त्यावर आम्ही आधी उलट विचारतो, की रोजच्या चालवण्यात तुमची गाडी किती आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) असते? उत्तर २००० ते ४००० असेल, आणि बहुतेकांचं तेच असतं, तर ६५०० आरपीएमला मिळणाऱ्या आकड्यासाठी पैसे घालण्यात अर्थ नाही. हे पत्रक त्यासाठीच लिहिलं आहे. टर्बो विकत घेण्याआधी वाचलंत तर तुमचे पैसे वाचतील आणि इंजिनही.

आमच्याकडे या कामासाठी सर्वांत जास्त येते ती स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, म्हणून उदाहरण तिचंच घेऊ.

मूळ टर्बो काय देतो

आरएसमध्ये १९८४ सीसीचं इंजिन आणि आयएस २० हा टर्बो असतो. १५०० आरपीएमलाच ३५० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळतो आणि तो ४६०० पर्यंत टिकतो. शहरात गाडी चटकन उचलते ती यामुळेच. आयएस २० चं चाक लहान आणि हलकं आहे. थोड्या एक्झॉस्ट गॅसवरही ते वेगात फिरतं, पण वरच्या आरपीएमला त्याचा दम संपतो. तिथून पुढे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढवत नेला तर हवा कमी आणि उष्णता जास्त मिळते.

गोल्फ आरमधला आयएस ३८ त्याच बोल्टांवर बसतो, म्हणून सगळ्यांची नजर त्याच्यावर असते. चाकं मोठी, हवा जास्त, पण पूर्ण बूस्ट यायला साधारण ३००० आरपीएम व्हावे लागतात. त्याहून मोठे टर्बो घेतले की हा आकडा आणखी वर सरकतो.

मागे एक ग्राहक बाहेरून भला मोठा टर्बो बसवलेली आरएस घेऊन आले. ताम्हिणीत वळणातून बाहेर पडताना पाय दाबला तर गाडी ढिम्म, आणि पुढचं वळण समोर दिसायला लागलं की पाठीत रट्टा बसल्यासारखा बूस्ट यायचा. त्यांच्या वडिलांनी त्या गाडीत बसणं सोडलं होतं. कागदावर गाडीची ताकद भरपूर होती. आम्ही आयएस ३८ बसवला, कमाल ताकद कमी झाली, आणि दुसऱ्या आठवड्यात ते वडिलांना घेऊन महाबळेश्वरला जाऊन आले.

हवेचा हिशेब

टर्बोची निवड अंदाजाने करायची नसते, ती मोजून करता येते. दोन लिटरचं इंजिन ६५०० आरपीएमला, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपात) २.२ बार एकूण दाब आणि इंटरकूलरनंतर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा भाग) ४५ अंश तापमान धरलं, तर मिनिटाला जवळपास १५ किलो हवा ओढतं. पेट्रोल इंजिनात मिनिटाला एक किलो हवा म्हणजे ढोबळमानाने २२ हॉर्सपॉवर, म्हणजे एकूण ३२५ च्या आसपास. मग कंप्रेसर मॅप, म्हणजे टर्बो किती दाबाला किती हवा देतो याचा आलेख, उघडायचा आणि एवढी हवा या दाबाला देताना तो टर्बो कुठल्या पट्ट्यात काम करतो ते पाहायचं. मॅपच्या मधल्या भागात असेल तर उत्तम. डाव्या कडेला गेला तर कमी आरपीएमला हवा मागे ढकलली जाते आणि इनटेकमधून फडफड ऐकू येते. उजव्या कडेला गेला तर टर्बो नुसती हवा तापवत राहतो.

किती तापवतो? बाहेर ३५ अंश आहे आणि टर्बो हवेचा दाब २.२ पट करतोय असं समजा. कार्यक्षमता ७० टक्के असेल तर कंप्रेसरमधून हवा १४५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. तीच ६० टक्क्यांवर आली तर १६५. हे वीस अंश पुढे इंटरकूलरला पेलावे लागतात. नाही पेलले तर नॉकिंग (इंधन नको तिथे स्वतःहून पेटून होणारी ठोकठोक) सुरू होतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच ताकद कापतो. विदर्भातल्या ग्राहकांना आम्ही म्हणूनच आग्रहाने सांगतो, की आधी इंटरकूलर मोठा करा, टर्बोचं नंतर बघू. मे महिन्यात तिकडे हिशेब ३५ वरून नाही, ४५ वरून सुरू होतो.

घाटाचाही विचार करावा लागतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास असतो. ईसीयूला तेच २.२ बार हवे असतील, तर मुंबईत जो टर्बो हवा २.२ पट दाबत होता त्याला वर २.५ पटीहून जास्त दाबावी लागते. त्याचा वेग तेवढा वाढतो. म्हणून आमच्या ट्यूनमध्ये (ईसीयूच्या सेटिंगमध्ये) उंचीप्रमाणे बूस्ट कमी होतो. वर गेल्यावर ताकद थोडी कमी जाणवली तर ती आम्ही मुद्दाम कमी केलेली असते.

टर्बोच्या पुढचे भाग

आरएस २३० चा सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कंपनीने ३५० न्यूटन मीटरसाठी ठरवलेला आहे, आणि इंजिन मुळातच तेवढा टॉर्क देतं. म्हणजे टर्बो वाढवताना क्लच पॅक आणि गिअरबॉक्सचं ट्यूनिंग खर्चात धरायलाच हवं. नुसता टर्बो बसवून द्या म्हणाल तर आम्ही ते काम घेत नाही.

१.८ टीएसआय ऑक्टाव्हियाबद्दल आमचं मत याहून ठाम आहे. तिचा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे, मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि इंजिनचा टॉर्कही नेमका २५०. या गाडीत आयएस ३८ बसू शकतो, पण त्या गिअरबॉक्सवर आम्ही तो बसवत नाही. एका ग्राहकाला आम्ही तिसऱ्यांदा नाही म्हणालो तेव्हा ते नाराज झाले. आमचं उत्तर आजही तेच आहे.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. ई२० मधलं (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमधलं) इथेनॉल नॉकिंग आवरायला मदत करतं, पण त्याच हवेला साधारण ८ टक्के जास्त इंधन लागतं आणि तो भार हाय प्रेशर पंपावर पडतो. तुम्ही कायम कुठलं पेट्रोल भरता ते खरं सांगा. शंभर ऑक्टेनवर ट्यून करून घ्यायचं आणि एरवी साधं भरायचं, हा मार्ग पिस्टन फोडणारा आहे.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्याने नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो. फक्त ट्रॅकसाठी ठेवलेल्या गाडीचं काम आणि रस्त्यावरच्या गाडीचं काम आम्ही वेगळं धरतो. तुमची गाडी कुठल्या प्रकारात येते ते पहिल्याच भेटीत बोलून घेऊ.

बसवताना आणि नंतर

नवा टर्बो लवकर जातो तो बहुधा ऑइल न पोचल्यामुळे. असा चाक शाफ्टवरून सुटलेला एक टर्बो आमच्याकडे आला होता. ऑइल पाइपच्या पोकळ बोल्टमधून आम्ही चिमट्याने निळ्या सिलिकॉनचा तुकडा काढला, तांदळाच्या दाण्याएवढा. तो आजही काउंटरवरच्या डबीत आहे, मागितलात तर दाखवू. त्या जोडावर सिलिकॉन लावायचंच नसतं, तिथे वॉशर असतो आणि तो प्रत्येक वेळी नवा घालायचा. ऑइल पाइप आम्ही नवाच टाकतो. जुना टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर उघडून त्यातले धातूचे कण काढल्याशिवाय नवा जोडत नाही. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल भरतो आणि प्रेशर येईपर्यंत इंजिन स्टार्टरवरच फिरवतो.

गाडी ताब्यात घेतल्यावर पहिले ५०० किलोमीटर पाय हलका ठेवा. कुठेही जोरात चालवून आलात तर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश घ्या, म्हणजे टर्बो थंड होतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबू नका. अशाने इंजिनवर नाहक ताण येतो. एक गिअर खाली घ्या आणि मग दाबा.

पहिल्या भेटीला येताना सर्व्हिसची बिलं, आरसी, विम्याचा कागद आणि अर्धी तरी टाकी भरलेली गाडी आणा. आधी जुन्या टर्बोवरच लॉग, म्हणजे गाडी चालवताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, घेतो. इंजिनला टर्बो बदलायची गरजच नाही असं त्यात दिसलं, तर फक्त लॉगचे पैसे लागतील.