स्कागेन लोहमार्ग

डेन्मार्कच्या उत्तर जटलंड भागातील एकेरी लोहमार्ग. फ्रेडरिक्सहाव्हन या बंदरापासून देशाच्या उत्तर टोकावरील स्कागेन (स्थानिक उच्चार ‘स्केन’च्या जवळचा) या गावापर्यंत जाणाऱ्या या मार्गाची लांबी सुमारे ४० किमी. असून स्ट्रान्बी, येरुप, ऑल्बेक आणि हुल्सिग ही त्यावरील काही स्थानके होत. मार्गाचे विद्युतीकरण झालेले नाही. त्यावर डीझेल गाड्या धावतात.

मार्गाचा प्रदेश सपाट, वालुकामय आणि विरळ वस्तीचा आहे. अठराव्या शतकात येथे वाळूच्या स्थलांतराने शेती व वस्त्या उजाड केल्या. स्कागेनचे जुने सेंट लॉरेन्स चर्च वाळूखाली जाऊ लागल्याने भाविकांना दारासमोरची वाळू उपसून आत जावे लागे. १७९५ मध्ये ते कायमचे बंद झाले आणि आज त्याचा मनोराच काय तो उभा आहे. पुढे गवत व सूचिपर्णी वृक्ष लावून वाळू बांधण्यात आली. आजची गाडी बराच काळ या लागवडींतूनच जाते. हुल्सिगच्या पश्चिमेस असलेली रॉब्येर मीले ही प्रचंड वालुकाराशी मात्र मोकळीच ठेवली असून ती दरवर्षी सु. १८ मी.पर्यंत ईशान्येकडे सरकते.

फ्रेडरिक्सहाव्हनपर्यंत रेल्वे १८७१ मध्ये पोहोचली होती. तेथून स्कागेनकडे चांगला रस्ता नसल्याने प्रवासी व माल समुद्रकिनाऱ्यावरून घोडागाडीने जात. ही अडचण दूर करणारा लोहमार्ग २४ जुलै १८९० रोजी खुला झाला. तो मीटरमापी (दोन रुळांतील अंतर १,००० मिमी.) होता, तर डेन्मार्कमधील मुख्य मार्ग १,४३५ मिमी. मापाचे होते. (भारतीय वाचकाने हे प्रमाण माप भारतातील १,६७६ मिमी. रुंदमापाहून बरेच अरुंद आहे, हे ध्यानात घ्यावे.) अरुंद माप का निवडले, याचे एक कारण सामान्यतः तीव्र वळणे घेण्याची सोय हे दिले जाते, परंतु डोंगरदऱ्या नसलेल्या या भूभागाला ते फारसे लागू पडत नाही. हलके रूळ, लहान इंजिने व अरुंद भराव यांमुळे होणारी बचत हेच खरे कारण असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कारण त्या वेळी स्कागेन हे बंदर नसलेले, उघड्या पुळणीवर होड्या ओढून घेणाऱ्या कोळ्यांचे गाव होते आणि मोठ्या मालवाहतुकीची अपेक्षा ठेवण्यास आधार नव्हता.

हा हिशेब १९०७ मध्ये बदलला. त्या वर्षी स्कागेनचे बंदर खुले झाले, मासेमारी वाढली आणि मासळी वेळेत बाजारात पोहोचविणे हे मार्गाचे मुख्य काम बनले. मापांतील फरकाचा तोटा येथे उघड झाला. फ्रेडरिक्सहाव्हनला बर्फात घातलेल्या मासळीच्या पेट्या मीटरमापी डब्यांतून उतरवून शेजारच्या प्रमाणमापी डब्यांत चढवाव्या लागत; त्यात मजुरी जाई, वेळ जाई आणि उन्हाळ्यात बर्फही वितळे. अखेर १९२४ मध्ये संपूर्ण मार्ग प्रमाणमापी करण्यात आला व स्कागेनहून भरलेला डबा न उघडता थेट पुढे जाऊ लागला. मार्गाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना हीच म्हणावी लागेल.

स्कागेनच्या चित्रकार-वसाहतीचे श्रेय काही वेळा रेल्वेला दिले जाते. कालक्रम पाहता ते पटत नाही. या वसाहतीतील चित्रकार मायकेल आंकर १८७४ मध्ये, तर पी. एस. क्रॉयर १८८२ मध्ये तेथे आले, आणि ॲना आंकर तर स्कागेनमध्येच जन्मल्या. रेल्वेने आणले ते या चित्रकारांच्या चित्रांमुळे प्रसिद्ध झालेल्या किनाऱ्याकडे येणारे उन्हाळी पर्यटक, असे म्हणणे अधिक योग्य होईल. या वर्दळीची खूण म्हणजे स्कागेनचे विद्यमान स्थानक. टॉमस आर्बो यांनी रचलेल्या १८९० च्या इमारतीच्या जागी १९१९ मध्ये वास्तुविशारद उलरिक प्लेस्नर यांच्या आराखड्यानुसार ते बांधले गेले. गावातील अन्य अनेक इमारतीही प्लेस्नर यांच्याच आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मासळीची वाहतूक मालमोटारींकडे गेली आणि मार्ग प्रामुख्याने प्रवासी वाहतुकीचा राहिला. २००१ मध्ये स्कागेन व हिर्ट्सहाल्स या दोन मार्गांच्या कंपन्या एकत्र होऊन ‘नोर्युस्के येर्नबानर’ ही कंपनी स्थापन झाली. २००५ च्या सुमारास जुन्या गाड्यांच्या जागी सीमेन्सच्या ‘डेझिरो’ गाड्या आल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये याच कंपनीने ऑल्बोर्ग–फ्रेडरिक्सहाव्हन प्रादेशिक वाहतूकही राष्ट्रीय रेल्वेकडून आपल्याकडे घेतली. त्यामुळे स्कागेनची वाहतूक व तिला फ्रेडरिक्सहाव्हन येथे जोडणाऱ्या प्रादेशिक गाड्या एकाच व्यवस्थेखाली आल्या. स्कागेन हे डेन्मार्कमधील सर्वांत उत्तरेचे रेल्वे स्थानक आहे.