अमेरिकी व्यावसायिक गोल्फपटूंची कारकीर्द

गोल्फ खेळून पोट भरणे हा अमेरिकेत गेल्या सव्वाशे वर्षांत घडत गेलेला व्यवसाय आहे. त्यात संघ नाही, पगार नाही, निवड समितीही नाही. पुरुषांच्या प्रमुख स्पर्धामालिकेत, म्हणजे पीजीए टूरवर, खेळाडू स्वतःच्या खर्चाने गावोगाव फिरतो, पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाला, म्हणजे कॅडीलाही, स्वतःच्या खिशातून पैसे देतो. स्पर्धा बहुधा गुरुवारी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत ३६ होल, म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याचे ३६ टप्पे, झाले की सर्वांत कमी फटके घेणारे साधारण पहिले ६५ आणि त्यांच्याशी बरोबरी असलेले खेळाडू पुढे जातात. बाकीचे ‘कट’ हुकला म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सामान आवरतात. नेहमीच्या स्पर्धेत त्यांच्या वाट्याला बक्षिसातला एक डॉलरही येत नाही. विजेत्याला मात्र बहुतेक ठिकाणी एकूण रकमेच्या १८ टक्के मिळतात.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला इथले हिशेब सुरुवातीला चमत्कारिक वाटतात. दीडशेच्या आसपास खेळाडूंत एकच जिंकतो, तेव्हा थोरातला थोर गोल्फपटूही बहुतेक आठवडे हरतच असतो. मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटनमधली ओपन आणि पीजीए चॅम्पियनशिप या चार मोठ्या स्पर्धांना ‘मेजर’ म्हणतात. जॅक निकलसने विक्रमी १८ मेजर जिंकल्या, आणि १९ वेळा तो दुसरा आला. व्यावसायिक म्हणून १९६२ साली लॉस एंजेलिसला खेळलेल्या पहिल्या स्पर्धेत त्याला मिळाले ३३ डॉलर ३३ सेंट. त्याच वर्षी ओकमाँटला त्याने अर्नोल्ड पामरला प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या जादा फेरीत, हरवून यूएस ओपन जिंकली. शेवटची मेजर, १९८६ ची मास्टर्स, जिंकली तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. पहिल्या आणि शेवटच्या मेजरमध्ये २४ वर्षांचे अंतर पडावे, असे फार थोड्या खेळांत घडते.

या व्यवसायाची सुरुवात मानाची नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी क्लबातला व्यावसायिक म्हणजे सभासदांना शिकवणारा, त्यांच्या काठ्या दुरुस्त करणारा नोकर. या जागांवर बरेचसे स्कॉटलंड-इंग्लंडहून आलेले लोक असत आणि क्लबहाउसचे पुढचे दार त्यांना बंद असे. अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूने यूएस ओपन जिंकायला १९११ साल उजाडावे लागले. तो जॉन मॅकडरमॉट तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. व्यावसायिकांची संघटना, पीजीए ऑफ अमेरिका, १९१६ साली स्थापन झाली. पण व्यावसायिकाची ऐट काय असते ते दाखवले वॉल्टर हेगनने. १९२० साली इंग्लंडमधील डील इथे ओपन होती. खेळाडूंना क्लबहाउसमध्ये प्रवेश नव्हता, तर या गड्याने आलिशान मोटार भाड्याने घेतली, दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. त्याच वर्षी ओहायोतल्या इन्व्हर्नेस क्लबने यूएस ओपनच्या वेळी व्यावसायिकांना आपले दार उघडले. खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक मोठे उभे घड्याळ भेट दिले. हेगनच्या नावावर ११ मेजर आहेत.

जुन्या पिढीची शाळा म्हणजे कॅडीचे काम. टेक्ससमधील फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबात १९२० च्या दशकात दोन मुले श्रीमंतांच्या पिशव्या वाहत होती. दोघेही १९१२ सालचे. एक बायरन नेल्सन, दुसरा बेन होगन. होगनच्या वडिलांनी तो नऊ वर्षांचा असताना आत्महत्या केली होती. पोरगा रेल्वे स्टेशनवर वर्तमानपत्रे विकायचा. वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, १९३० साली, तो व्यावसायिक झाला आणि एकदा सोडून अनेकदा कफल्लक होऊन घरी परतला. त्याचा चेंडू ऐन वेळी डावीकडे वळायचा. तो दोष घालवण्यासाठी त्याने सरावाचे असे काही वेड घेतले की आजही अमेरिकी गोल्फमध्ये सराव म्हटला की आधी होगनचे नाव निघते. स्वतःच्या एकट्याच्या नावावर पहिली स्पर्धा लागली ती १९४० साली, पाइनहर्स्टला. म्हणजे दहा वर्षांनी.

२ फेब्रुवारी १९४९ रोजी धुक्यात त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली. शेजारी बसलेल्या पत्नीला वाचवायला तो तिच्या अंगावर झेपावला आणि त्यामुळेच स्वतःही वाचला, कारण स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या जागेत घुसला होता. कंबरेचे हाड, गळपट्टीचे हाड आणि घोटा मोडला. पुढे रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि शस्त्रक्रियेनंतर पायांतला रक्तप्रवाह कायमचा मंदावला. सोळा महिन्यांनी हा माणूस मेरियनला यूएस ओपन खेळायला उभा राहिला. तेव्हा शेवटच्या दिवशी ३६ होल खेळावे लागत. पायांना पट्ट्या गुंडाळून त्याने ते चालून काढले, बरोबरी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी १८ होल खेळला आणि जिंकला. १९५३ साली तो फक्त सहा स्पर्धांत उतरला आणि पाच जिंकला. त्यांत मास्टर्स, यूएस ओपन आणि कार्नुस्टीची ओपन या तीन मेजर होत्या. चौथी, पीजीए, तारखा ओपनशी भिडल्यामुळे त्याला खेळताच आली नाही. होगनच्या नऊ मेजरपैकी सहा अपघातानंतरच्या आहेत. कारकीर्दीचे मोल नुसत्या आकड्यांवर करू नये असे ज्यांना वाटते, ते बोट ठेवतात ते इथेच.

पैसा आला तो टीव्हीबरोबर. पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब गावच्या क्लबात मैदानाची निगा राखणाऱ्या आणि गोल्फ शिकवणाऱ्या माणसाचा मुलगा अर्नोल्ड पामर धोका पत्करून खेळायचा, आणि ते पडद्यावर शोभायचे. वकील मार्क मॅकॉर्मकने त्याच्या नावाचा व्यापार उभा केला. आजच्या खेळाडूंच्या जाहिरात करारांची मुळे त्या जोडीत आहेत. १९६८ साली पामर टूरवर एकूण दहा लाख डॉलर कमावणारा पहिला खेळाडू ठरला. त्याच वर्षी स्पर्धा खेळणारे व्यावसायिक शिकवणाऱ्यांच्या संघटनेपासून वेगळे झाले आणि आजच्या टूरचा पाया पडला.

हे दार सर्वांना मात्र उघडे नव्हते. सदस्य गौरवर्णीयच हवेत, असे कलम पीजीएच्या नियमांत १९६१ पर्यंत होते. कृष्णवर्णीय गोल्फपटू चार्ली सिफर्डची उमेदीची वर्षे त्यात गेली. हार्टफर्डची स्पर्धा तो १९६७ साली, वयाच्या पंचेचाळिशीत जिंकला. मास्टर्सला त्याला कधीच खेळायला मिळाले नाही. तिथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, १९७५ साली उतरला. बावीस वर्षांनी त्याच मैदानावर २१ वर्षांचा टायगर वूड्स १२ फटक्यांनी जिंकला. वूड्सच्या १५ मेजर आहेत आणि जुन्या पिढीतल्या सॅम स्नीडइतकेच टूरवरचे ८२ विजय. पाठीच्या शस्त्रक्रियांनंतर २०१९ साली त्याने जिंकलेली मास्टर्स होगनची आठवण करून देते.

स्त्रियांची व्यावसायिक गोल्फ संघटना, एलपीजीए, १९५० साली १३ खेळाडूंनी उभी केली. त्यांतली बेब डिड्रिक्सन झहारियास १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि अडथळा शर्यतीत सुवर्ण मिळवून गोल्फकडे वळली होती. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर १९५४ ची यूएस विमेन्स ओपन तिने १२ फटक्यांनी जिंकली. कॅथी विटवर्थच्या नावावर ८८ विजय आहेत, स्नीड आणि वूड्सपेक्षा सहा जास्त. तरी तिचे नाव किती जणांना ठाऊक असते?

आता कॅडीची जागा विद्यापीठांनी घेतली आहे. निकलस ओहायो स्टेटचा, वूड्स स्टॅनफर्डचा, स्कॉटी शेफलर टेक्ससचा. पुढची पायरी म्हणजे दुय्यम टूर किंवा १९६५ पासून चालत आलेली ‘क्यू-स्कूल’ ही पात्रता स्पर्धा. त्यातून खेळण्याचा परवाना मिळतो. त्याला ‘कार्ड’ म्हणतात आणि ते वर्षागणिक टिकवावे लागते. पूर्वी पहिल्या १२५ जणांचे कार्ड टिकायचे, २०२६ च्या हंगामापासून ही मर्यादा १०० वर आली. कार्ड नसलेल्यांसाठी काही स्पर्धांत सोमवारची पात्रता फेरी असते. भारताच्या अर्जुन अटवालने २०१० साली त्याच वाटेने विंडम चॅम्पियनशिप जिंकली. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एका फटक्याने दुसरा आला आणि त्याच वर्षी फिल मिकेलसन, डस्टिन जॉन्सन यांच्यासारखा सौदीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फमध्ये गेला. तिथे ठरलेल्या रकमेचे करार मिळू लागले, आणि ‘खेळलात तर मिळेल’ हा जुना रिवाज पहिल्यांदा हलला.

निवृत्तीचे वय या धंद्यात जवळपास नाहीच. पन्नाशीनंतर १९८० पासूनची ज्येष्ठांची टूर असते, तिथे हेल अर्विनने ४५ स्पर्धा जिंकल्या. मिकेलसनने तर पन्नासाव्या वर्षी, २०२१ साली, पीजीए चॅम्पियनशिपच जिंकली.

ग्लेन गार्डनचा दुसरा कॅडी, बायरन नेल्सन, वेगळ्या वाटेने गेला. १९४५ साली त्याने १८ स्पर्धा जिंकल्या, त्यांतल्या ११ लागोपाठ. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्याला हवे होते ते गुरांचे शेत. पुरेसे पैसे जमल्यावर १९४६ साली, ३४ व्या वर्षी, त्याने नियमित स्पर्धा सोडल्या आणि टेक्ससच्या रोअनोकजवळ जमीन घेतली. २००६ साली त्याच घरी तो वारला, ९४ वर्षांचा होऊन.