खासगी विमानासाठी हँगर भाड्याने घेताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हँगर, म्हणजे विमान ठेवायची बंदिस्त शेड, बघायला आलेली बहुतेक मंडळी आधी आत जाऊन फरशी बघतात, मग मान वर करून छप्पर बघतात आणि लगेच भाड्याचं विचारतात. आमची विनंती आहे की थोडा वेळ दारातच उभं राहा. विमान आत मावतं का, यापेक्षा एकट्या माणसाला ते कुठेही न घासता आतबाहेर करता येतं का, हा प्रश्न मोठा आहे. ज्या हँगरमधून विमान काढायचाच कंटाळा येतो, त्यातलं विमान फारसं उडत नाही. आणि न उडणारं विमान छपराखालीही बिघडतं.

आधी टेप, मग करार

सेस्ना १७२ या लहान विमानाचा पंखविस्तार ११ मीटर, लांबी साधारण ८.३ मीटर आणि शेपटीची उंची २.७ मीटर. डायमंड डीए४० शेजारी उभं केलं तर लहानखुरं वाटतं, पण त्याचा पंखविस्तार ११.९ मीटरच्या आसपास आहे. म्हणजे १२ मीटरच्या दारातून सेस्ना नेताना दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर मोकळा राहतो आणि डीए४० नेताना दोन-तीन बोटं. कागदावर दोन्ही मावतात. प्रत्यक्षात आम्ही ती जागा डीए४० ला देत नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी. विमानाचं बरंचसं नुकसान उडताना नाही, ढकलताना होतं : पंखाचं टोक दाराच्या चौकटीला, नाहीतर शेपूट मागच्या भिंतीला.

उंचीचं माप फसवं असतं. पुस्तिकेतली उंची विमान सपाट जागी, टायर आणि स्ट्रट (चाकावरचा हवा भरलेला धक्काशोषक दांडा) व्यवस्थित असतानाची असते. पुढच्या चाकाचा स्ट्रट दबलेला असला किंवा टायरमधली हवा कमी झाली की नाक खाली जातं आणि शेपूट वर उचललं जातं. दाराबाहेर उतार असेल तर पुढचं चाक उतारावर येताच तेच होतं. सकाळी सहज बाहेर आलेलं विमान संध्याकाळी आत जाताना अडलं, असं आमच्याकडे घडलं आहे. दिवसभरात स्ट्रटमधली हवा उतरली होती. मोठे टायर, बदललेली पंखटोकं, शेपटीवरचा बीकन दिवा, नंतर बसवलेला अँटेना, यांतलं काहीही असेल तर पुस्तिका बाजूला ठेवा आणि स्वतः मोजा.

दरवाजाचा प्रकारही विचारात घ्या. मधून दुमडून वर जाणारा दरवाजा उघडल्यावर त्याची घडी चौकटीच्या वरच्या भागात लटकते, त्यामुळे चौकट जेवढी उंच दिसते तेवढी उंची मिळत नाही. ‘दरवाजा उघडा असताना मोकळी उंची किती?’ हाच प्रश्न विचारा. हायड्रॉलिक एकपाखी दरवाजा बाहेरच्या बाजूला झेपावतो. समोर विमान किंवा गाडी उभी असली की संपलं. सरकते दरवाजे साधे आणि टिकाऊ, पण रुळात खडी-माती साचली की दोन माणसांनाही हलत नाहीत. विजेवर चालणारा कुठलाही दरवाजा असो, वीज गेल्यावर तो हाताने कसा उघडायचा हे किल्ली घेण्याआधी आमच्याकडून करून बघा. जोराच्या वाऱ्यात दरवाजा अर्धवट उघडा ठेवू नका.

जागा कोणती घ्यावी

टी-हँगर म्हणजे एका विमानापुरती स्वतंत्र खोली. पुढे पंखांसाठी रुंद, मागे शेपटीसाठी अरुंद. दोन ओळी पाठीला पाठ लावून, एकाची शेपूट दुसऱ्याच्या पंखांमागच्या मोकळ्या जागेत येईल अशा बांधलेल्या असतात. किल्ली तुमची, वेळ तुमची. कपाट किंवा कामाचं टेबल ठेवायला मात्र फारसा वाव नसतो. चौकोनी स्वतंत्र हँगरमध्ये तो असतो आणि त्याचं भाडंही तसंच.

सामायिक हँगर सर्वांत स्वस्त. तिथे तुमचं विमान बाहेर काढण्यासाठी कदाचित दुसऱ्यांची तीन विमानं हलवावी लागतील. आमच्या सामायिक हँगरमध्ये विमानं फक्त आमचीच माणसं हलवतात, त्यामुळे निघण्याच्या किमान दोन तास आधी कळवावं लागतं. पार्किंग ब्रेक लावून जाऊ नका; चाकांना ठोकळे आम्ही लावतो. मनात आलं की उठून उडायला जाणाऱ्यांनी सामायिक जागा घेऊ नये, असं आम्ही स्पष्टच सांगतो. पहिल्या महिन्यातच दोघांचाही वैताग सुरू होतो.

काहींना हँगरची गरजच नसते. पूर्ण धातूचं, नियमित उडणारं विमान असेल, हवा कोरडी आणि सौम्य असेल, तर मजबूत दोर आणि चांगली खोळ यांवर भागतं. नुसतं छप्पर, भिंती नाहीत, असा मधला पर्यायही आहे : ऊन आणि गारा अडतात, तिरका पाऊस अडत नाही. कापडी आवरणाच्या आणि लाकडी विमानांना मात्र आम्ही बाहेर ठेवण्याचा सल्ला कधीच देत नाही. अतिनील किरणांनी कापड कमकुवत होत जातं, आणि ते वरून दिसतंच असं नाही.

छप्पर काय वाचवतं, काय नाही

ऊन वाचवतं. रंग, टायर, आतल्या गाद्या आणि मुख्य म्हणजे अॅक्रिलिकच्या काचा. उन्हाने त्यांत बारीक जाळीदार चिरा पडतात आणि सूर्यासमोर उतरताना त्याच डोळ्यांसमोर चमकतात. गारा, दंव, वादळी वाऱ्यात हिसके खाणारे एलेरॉन आणि रडर (पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या फळ्या), ही काळजीही मिटते.

ओलावा मात्र आपोआप जात नाही. रात्री थंड पडलेल्या विमानाला सकाळची दमट हवा लागली की थंड पाण्याच्या पेल्यासारखा त्याला घाम फुटतो, बाहेरून आणि आतूनही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर राहिली की पोलादावर गंज वेगाने चढतो. म्हणून फरशीखाली ओल अडवणारा थर आहे का, छपराला आतून उष्णतारोधक अस्तर आहे का आणि वारा खेळतो का, हे आम्हाला विचारा. आमच्या जुन्या ओळीत अस्तर नाही आणि तिचं भाडं त्यामुळेच कमी आहे.

इंजिनाचं तर आणखी वेगळं आहे. लायकॉमिंग कंपनीच्या प्रचलित चार सिलिंडरी इंजिनांत कॅमशाफ्ट (झडपा उघडणारी दांडी) क्रँकशाफ्टच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर बसवलेली असते. विमान बरेच दिवस उभं राहिलं की तिच्यावरचं तेल निथळून खाली जातं आणि उघडी पडलेली पोलादी पृष्ठं गंजतात. यावर उपाय म्हणून अनेक मालक दर आठवड्याला येऊन दहा मिनिटं इंजिन फिरवून जातात. कृपया हे करू नका. ज्वलनातून तयार झालेली वाफ तेलात मिसळते, आणि तेल पुरेसं तापलं नाही तर ती तिथेच राहते. तेलाचं तापमान ७५ ते ९० अंश सेल्सिअसमध्ये चांगलं अर्धा-पाऊण तास राहायला हवं, आणि ते उड्डाणातच जमतं. महिनोन्‌महिने उडणार नसाल तर मेकॅनिककडून इंजिनाचं रीतसर जतन करून घ्या : जतनाचं तेल, ओलावा शोषणारे प्लग, बंद केलेली तोंडं.

खोळी आणि टोप्या हँगरमध्येही काढून ठेवू नका. पक्षी काऊलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) एका दिवसात घरटं भरतात. उंदरांच्या मुताने अॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि ते पंखाच्या आत असतं तेव्हा कळायला फार उशीर होतो. गांधीलमाशा वेग मोजणाऱ्या पिटो नळीत मातीचं घर करतात. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअर कंपनीचं बोईंग ७५७ समुद्रात पडून १८९ जण दगावले. त्याआधी ते बरेच दिवस जमिनीवर उभं होतं, आणि पिटो नळी अशाच माशीच्या घरामुळे बंद झाली असावी, असा तपासाचा कल होता. लहान विमानाची नळीही तितकीच अरुंद असते.

आत काय चालत नाही

विमानाचं पेट्रोल आत भरायचं किंवा काढायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती फरशीलगत पसरते. आमचे विजेचे सॉकेट उंचावर का आहेत, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर. इंजिन आत सुरू करायचं नाही, दरवाजा सताड उघडा असला तरी. वेल्डिंग, फवाऱ्याने रंगकाम, धूम्रपान बंद. बॅटरी चार्जरला लावून घरी जाऊ नका. तेलकट चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. घरचा जुना सोफा आणि बोटी इथे ठेवायच्या नाहीत. हे नव्याने छापावं लागलं, कारण विचारणा होते.

ढकलताना प्रोपेलरचं स्पिनर (मधली टोकदार टोपी) किंवा आडव्या शेपटीची कड धरू नका. टो-बार (पुढच्या चाकाला अडकवून विमान ओढायचा दांडा) वळणाच्या खुणेपलीकडे नेला की पुढच्या चाकाची यंत्रणा मोडते. इंजिन सुरू करण्याआधी टो-बार काढला का, हे उतरून बघा. आठवणीवर विसंबू नका.

विमा आणि करार

आमचा विमा आमच्या चुकीपुरता आहे : आमच्या माणसाने हलवताना धक्का दिला तर. वादळात छप्पर कोसळलं किंवा शेजारच्या गाळ्यातून आग पसरली, तर विमानाची भरपाई तुमच्या स्वतःच्या विम्यातून होते. काही विमे फक्त जमिनीवर उभ्या विमानाला संरक्षण देतात, काही उड्डाणालाही. तुमचा कोणता आहे ते वाचून घ्या आणि जागा बदलल्याचं कंपनीला लेखी कळवा.

करार एका वर्षाचा, दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची सूचना. पोटभाडेकरू ठेवता येत नाही. विमान विकलंत तर गाळा नव्या मालकाकडे आपोआप जात नाही. प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाचा हक्क आधी. आगीच्या तपासणीसाठी आम्हाला आत यावं लागतं, त्याची आदल्या दिवशी कल्पना देतो. स्वतःचं कुलूप लावलंत तर एक किल्ली कार्यालयात जमा करा.

जागा बघायला येताना विमानाच्या पुस्तिकेतलं तीन बाजूंचं मापचित्र, विम्याची प्रत आणि शक्य असेल तर विमानच घेऊन या. एकदा आत घालून, एकदा बाहेर काढून बघू, मग सही करा.